घडीचा माऊस : सोय किती, हौस किती?

भोसरीहून मोशीमार्गे चाकणला जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गावर व्यापाऱ्याचा निम्मा दिवस मोटारीतच सरतो. बेअरिंग, नटबोल्ट किंवा हत्यारे पुरविणाऱ्या घरांतील तरुण मग कारखान्याच्या स्वागतकक्षात लॅपटॉप उघडून बसतात. खरेदी विभागाने भाव कमी करावयास सांगितले, की कोटेशन तेथेच दुरुस्त करून द्यावे लागते. अशा घाईत टचपॅडवर बोट जरासे घसरले, तरी दर भलत्याच ओळीत जाऊन बसतो. आणि चूक उमगते ती ऑर्डर हाती पडल्यावर!

यावर उपाय म्हणून घडीच्या माऊसकडे अनेकांचे लक्ष जाते. मायक्रोसॉफ्टचा दुमडणारा 'आर्क माऊस' २००८ मध्ये आला. २०१० चा 'आर्क टच' सपाट केला की बंद होतो, कमान दिली की सुरू. फायलीच्या कप्प्यात तो सहज मावतो.

कोटेशनपुरते त्याचे काम चोख. मात्र पारदर्शक काचेच्या टेबलावर तो चालत नाही. खाली वही ठेवावी लागते. काही कारखान्यांत यूएसबी उपकरणांना मज्जाव असतो, तेव्हा ब्लूटूथचाच घेणे बरे. सुट्या भागांची रेखाचित्रे पाहणाऱ्याने मात्र या फंदात पडू नये. चित्र फिरविण्यासाठी चाक दाबावे लागते, आणि २०१७ च्या 'सरफेस आर्क'ला तर चाकच नाही.

तळहाताला आधार नसल्याने तासाभरात मनगट अवघडते, हेही खरे. महिनाअखेरचे जीएसटीचे काम पेढीवरच्या जाड माऊसवरच करावे. टॅलीत तर बहुतेक नोंदी कळफलकावरच होतात.