पट्टी खरी, अफवा बेवारस

दहा पिशव्या कांदा. वजन ५१२ किलो. भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई आणि मोटारभाडं वजा होऊन शेतकऱ्याच्या नावावर उरले २ रुपये ४९ पैसे. बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत हाती पडलेली ही हिशेबाची पट्टी. सोबत दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा.

कांदा पडला की पट्टी पडते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण पूर्वी ती खिशात घडी होऊन घरी जायची आणि पारावरच्या चार माणसांपुढे उघडायची. या वेळी तिचा फोटो निघाला आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांमधून राज्यभर गेला. वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी तो उचलला. संबंधित व्यापाऱ्याने माल हलक्या प्रतीचा होता, अशी बाजू मांडली; त्याचा परवाना काही दिवसांसाठी निलंबित झाला. मार्चमध्ये राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे आधी ३०० आणि नंतर ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. ते या एका पट्टीमुळे मिळालं असं म्हणता येणार नाही, कारण भाव राज्यभर कोसळले होते. पण कोसळलेला भाव म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्या माणसाला त्या पट्टीने एका नजरेत समजावलं.

त्या फोटोची ताकद त्यातल्या तपशिलात होती. वजन, दर, तारीख, कपात, सगळं कागदावर. शेतकरी समोर, व्यापारी समोर, बाजार समिती समोर. ज्याला शंका होती त्याला विचारायला जागा होती.

याच जिल्ह्यातल्या माणसांनी समाजमाध्यमांची दुसरी बाजूही भोगली आहे, आणि तिची किंमत जिवाने मोजली आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोचले. त्यांतले बहुतेक सोलापूरच्याच मंगळवेढा तालुक्यातले. त्या भागात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाइलवर फिरत होते. अनोळखी चेहरे, वेगळी बोली, एका लहान मुलीशी बोलताना आलेला संशय. एवढ्यावर जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं गेलं. मारहाणीचं चित्रीकरण झालं आणि तेही मोबाइलवरूनच फिरलं. गावोगाव भिक्षा मागून पोट भरणाऱ्या समाजाला, अनोळखी असणं हाच गुन्हा ठरतो हे त्या दिवशी कळलं.

अफवेला पुरावा म्हणून त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असं ते दृश्य. मूळ चित्रफीत होती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. तिच्या शेवटी तेच मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. काही सेकंद गळाले आणि जनजागृतीची जाहिरात अपहरणाचा पुरावा बनली.

कापणारा कोण, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मेसेज आला होता मामाकडून, शाळेतल्या मित्राकडून, भावकीच्या ग्रुपवरून. विश्वास बसला तो त्यांच्यावर. मूळ सांगणारा हातोहाती पुसला जातो आणि त्याच्या जागी आपल्या ओळखीचं माणूस उभं राहतं, हे फॉरवर्डचं खरं बळ आहे.

राईनपाड्याच्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबाभोवती जमला होता; त्यात एक लहान मूलही होतं. एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेवर पोचले आणि ते वाचले. मेसेज दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो दार उघडणाऱ्या माणसामुळे.

त्याआधी चार वर्षं, २ जून २०१४ रोजी, पुण्यात हडपसरला सोलापूरच्याच एका तरुण आयटी अभियंत्याचा जमावाने जीव घेतला होता. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आल्याने शहर पेटलं होतं. त्या पोस्टशी या तरुणाचा काहीही संबंध नव्हता. त्याच्या पेहरावावरून तो मुसलमान आहे, एवढंच मारेकऱ्यांना पुरलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं.

राईनपाड्यानंतर काही गोष्टी हलल्या. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असं केलं. मेसेजमधला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, अशी त्या अॅपची रचना आहे. त्यामुळे वेगाला लगाम घालता येतो, खोट्याला नाही. ते काम वाचणाऱ्यावरच राहतं.

हाच मोबाइल माणसं जोडतो तेव्हा काय घडतं, हे पाहायलाही सोलापूर सोडून जावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की धड्यासोबत गाणं, चित्रफीत, गोष्ट उघडे. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी उचलली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून थेट बोलतं करण्याचा उपक्रमही त्यांनी चालवला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. सीमेपलीकडचं मूल तिथे नावानिशी, चेहऱ्यानिशी समोर येत होतं. त्याला प्रश्न विचारता येत होता.

रोजच्या व्यवहारातही फायदा होतो तो असाच, माणूस समोर असल्यावर. डाळिंबावर तेल्या रोगाचे डाग दिसले की सांगोल्याचा बागायतदार पानाचा फोटो काढून जाणकाराला पाठवतो आणि बाग हातची जाण्याआधी फवारणी ठरवतो. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बायकांना पुण्या-मुंबईची ऑर्डर फोनवर मिळते.

नुकसान मात्र फक्त अफवेचं नाही, वेळेचंही आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने त्यावर स्वतःचा उपाय शोधला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला घरोघर फिरून लोकांना समजवावं लागलं. सक्ती कायद्याची नव्हती, गावाने आपसांत ठरवलेलं होतं, आणि म्हणून ते रुजलं. नुकसान पैशाचंही होतं. ऑनलाइन फसवणुकीबाबतही गावागावाने असंच काही ठरवायला हवं. पैसे गेले की १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. लाजेपोटी गप्प बसण्यात पहिले मोलाचे तास निघून जातात.

अफवा मात्र थांबली नव्हती. त्याच सांगली जिल्ह्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना जमावाने काठ्यांनी बडवलं. ते उत्तर प्रदेशातले. विजापूरकडून पंढरपूरला दर्शनाला निघालेले. एका मुलाला त्यांनी रस्ता विचारला आणि मुलं पळवणाऱ्यांचा संशय पुन्हा उसळला. पोलिसांनी कागदपत्रं तपासली, गावाकडे चौकशी केली, तेव्हा ते खरे साधू निघाले. राईनपाड्याला चार वर्षं उलटली होती. मेसेजवर खुणा होत्या, मर्यादा होत्या, न्यायालयाचे आदेश होते.

सोलापूर जिल्ह्याला हे अधिक जिव्हारी लागायला हवं, कारण या जिल्ह्याचं जगणंच परक्या माणसांवर उभं आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, वर्षभर अक्कलकोटला, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येणारी माणसं कुणाच्या ओळखीची नसतात. त्यांना पाणी देणं, भाकरी देणं, रस्ता दाखवणं ही इथली रीत. अफवा सर्वांत आधी ही रीतच मोडते. म्हणून पोलीस पाटील, सरपंच, गुरुजी आणि आशाताई ज्या ग्रुपवर आहेत, तिथेच प्रत्येक गावाने एक नियम घालावा: मुलं पळवल्याचा मेसेज आला की कुठलं गाव, कोणतं पोलीस ठाणं, कुणी पाहिलं, हे विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत तो पुढे पाठवायचा नाही. आषाढीच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला दहा मिनिटं पुरतात.