पृथ्वीचा जबाब

भाऊबीज उलटून हलक्या धानाच्या कडपा बांधीतून उचलल्या गेल्या आणि पुंजणी रचून झाली, की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडईचे दिवस सुरू होतात. आणि पोळ्याला ज्यांचे येणे झाले नाही, दिवाळीतही सासरच्या कामातून ज्यांची सुटका झाली नाही, अशा लेकी मंडईचे निमित्त सांगून, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन, माहेरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरतात. दिवसभर दंडार, बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ चालते, आणि रात्री जेवणे उरकली की सगळे गाव नाटकाला लोटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीची ही रंगभूमी दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत जागी असते; वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात, आणि कडाक्याच्या थंडीत माणसे पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथम ऐकले असेल. आमच्या मुलखात मात्र वर्षाचा हिशेब पुष्कळदा त्या नाटकांवरूनच ठेवला जातो.

लाखनीकडच्या एका गावात काही वर्षांपूर्वी पाहिलेले नाटक मी आज नावानिशी सांगू शकणार नाही, परंतु त्या रात्री माझ्या पुढच्या सतरंजीवर बसलेल्या दोघीजणी मला लख्ख आठवतात. आई साठीच्या घरातली, लेक तिशीची. आईच्या ओच्यात उकडलेले शिंगाडे होते, आणि ती रंगमंचावरची नजर न काढता एकेक शिंगाडा सोलून त्यातला पांढरा गर लेकीच्या हातावर ठेवीत होती. नाटकात सासरहून निघून आलेल्या मुलीला तिची आई उंबऱ्यातच थांबवते आणि परत जा म्हणून सांगते, असा प्रसंग आला. मंडपात हुंदके ऐकू येऊ लागले. पुढच्या सतरंजीवरचा तो सोलणारा हात मध्येच थबकला, अर्धवट सोललेला शिंगाडा तसाच बोटांत राहिला. आणि थोड्या वेळाने लेकीने तो आईच्या बोटांतून हळूच काढून घेतला, स्वतः सोलला आणि आईच्या तळव्यावर ठेवला. दोघींपैकी एकीनेही दुसरीकडे पाहिले नाही.

मायलेकींच्या नात्यातली अढी म्हणून आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि नाटकांत जे जे म्हणून आले आहे, त्याचे मूळ मला त्या थबकलेल्या हातात दिसते. हे भांडण स्वभावाचे क्वचितच असते; ते बहुधा उंबऱ्यावरचे असते. परत आलेल्या लेकीला आई आत घेते की नाही, आणि घेत नसेल तर का घेत नाही, या एका प्रश्नाभोवती हे नाते घुटमळत राहते. आणि या प्रश्नाचा जो काही कागद आपल्या साहित्याच्या दप्तरी दाखल आहे, तो बहुतांशी लेकीच्या फिर्यादीचा आहे. आईचा जबाब त्यात फार थोड्या ठिकाणी नोंदलेला सापडतो.

ज्या थोड्या ठिकाणी तो सापडतो, त्यांतले सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत मोठे ठिकाण याच मातीतले आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो, आणि हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील करुणरसाचे गोडवे आजवर पुष्कळांनी गायिले आहेत, आणि ते सारे रामाच्या विलापापाशी थांबतात. सातव्या अंकातल्या मायलेकींकडे मात्र हवे तितके लक्ष गेलेले नाही, याचे मला फार वाईट वाटत आले आहे.

त्या अंकात वाल्मीकींनी रचलेले एक नाटक गंगेच्या तीरावर राम, लक्ष्मण आणि प्रजाजन यांच्यापुढे अप्सरा करून दाखवतात, म्हणजे नाटकातच नाटक चालते. वनात टाकून दिलेल्या सीतेने प्रसूतिवेदनांच्या भरात गंगेत उडी घेतली आहे, आणि भागीरथी व पृथ्वी या दोघी एकेक नवजात बालक हाती घेऊन तिला सावरीत प्रवेश करतात. सीता म्हणजे नांगराने ओढलेले तास. धानाच्या मुलखातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. तिची आई पृथ्वी येथे प्रथम बोलते ती संतापाने: बालपणी धरलेला हात, जनक, अग्नी, आपण स्वतः, पोटातले संतान, यांतल्या कशाचीच जावयाने पर्वा केली नाही, असा तिचा उघड ठपका आहे. भागीरथी रामाची बाजू सांगते. लोकापवाद पसरला होता, अग्निशुद्धी झाली ती दूर लंकेत, येथल्या लोकांनी तीवर विश्वास कसा ठेवावा? हा युक्तिवाद पृथ्वी ऐकून घेते आणि निवळते. मग सीता आपल्या आईजवळ एकच मागणे मागते: मला तुझ्या अंगात विलीन करून घे. आई काय उत्तर देते? तुझी मुले तुला सांभाळायची आहेत, असे ती आधी सांगते. आणि पुढे, निदान त्यांचे स्तनपान सुटेपर्यंत तरी त्यांच्याकडे पाहा, त्यानंतर तुला रुचेल तसे मी करीन, असे बजावते.

रामायणात पृथ्वी दुभंगते आणि लेकीला पोटात घेते. भवभूतीने तो शेवट बदलला, आणि सीता-रामांची भेट घडवून नाटक सुखान्त केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो बदल घडवण्यासाठी त्याला आधी एका आईकडून नकार वदवून घ्यावा लागला, आणि तो नकार त्याने निर्दयतेचा होऊ दिला नाही. पृथ्वीसारखी पृथ्वी, जिच्यावर सगळ्यांची घरे उभी आहेत, तीही जावयावर संतापते, विहिणीसारख्या बोलणाऱ्या दुसऱ्या बाईचे म्हणणे ऐकून शांत होते, आणि मुलांकडे बोट दाखवून लेकीला जगात परत पाठवते. पोरे मोठी होईपर्यंत कळ काढ, मग पाहू, हे वाक्य ज्या ज्या माजघरात आजवर उच्चारले गेले असेल, तेथल्या प्रत्येक आईचा जबाब या कवीने बाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

आधुनिक मराठी कादंबरीकडे वळल्यावर मात्र आईचा आवाज एकाएकी बारीक होतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधल्या यमूची आई मायाळू आहे, सोशिक आहे, आणि कथा पुरती वाढण्याआधीच ती मरण पावते. आईच्या पश्चात माहेर कसे विरळ होत जाते, ही जात्यावर दळणाऱ्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या गायिलेली गोष्ट हरिभाऊंनी गद्यात आणली. खरा स्फोट झाला तो पुढे, 1933 साली. त्या वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि त्याच वर्षी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. एकात मुलगा आईला देवता करून ठेवतो. दुसऱ्यात शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुली आपल्याच घराकडे उघड्या डोळ्यांनी पाहतात, आणि आईबापांचा संसार आपल्या पगारावर चालतो आहे, म्हणून तर आपले लग्न लांबत नाही ना, असा प्रश्न विचारण्याचे धाडस करतात. लेखिका कोण, याविषयी त्या काळी केवढी खळबळ उडाली! मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे तेव्हाच्या बाळूताई खरे यांनी, आईला दुष्ट ठरवले नाही. तिला देव्हाऱ्यातून खाली घेऊन बाळंतपणांनी आणि पैशाच्या ओढाताणीने थकलेली बाई म्हणून शेजारी बसवले, एवढेच. मराठी वाचकाने ‘श्यामची आई’ घरोघरी नेली, हे योग्यच झाले. परंतु श्यामच्या घरी एखादी मिळवती बहीण असती तर तिने कोणते पुस्तक लिहिले असते, हा विचार मला मुलांना ते पुस्तक शिकवताना दर वर्षी अस्वस्थ करीत असे.

विदर्भाने या नात्याला पुढे दोन मोठी नाटके दिली, आणि ती दोन्ही पारव्याला जन्मलेल्या महेश एलकुंचवारांची आहेत. ‘रक्तपुष्पा’त ऋतू मावळत चाललेली आई आणि ऋतू उमलत असलेली लेक एकाच छपराखाली एकमेकींसमोर उभ्या राहतात, देहाच्या पातळीवरचा हा मत्सर उच्चारणे किती अवघड आहे, हे ज्यांनी माजघरातली कुजबुज ऐकली आहे त्यांनाच कळेल. 1985 साली रंगमंचावर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त धरणगावकर देशपांड्यांच्या घरात प्रभा शिकायचे राहून गेल्याचा सल उरात घेऊन बसली आहे. शिक्षण अडवले ते तात्याजींनी. परंतु तात्याजी वारले, आणि त्या सलासमोर आता उरली आहे ती आई. कर्ता पुरुष निघून जातो आणि त्याच्या हुकुमांची झळ मागे राहिलेल्या बाईला सोसावी लागते. आमच्याकडच्या मालगुजारांच्या कितीतरी वाड्यांत हे असेच घडलेले आहे. त्यांच्या पडक्या भिंती तलावांच्या पाळीवरून आजही दिसतात.

येथे मला सातबाऱ्याचे नाव घ्यावेसे वाटते, आणि साहित्याच्या लेखात ते अप्रस्तुत आहे असे मी मानीत नाही. ज्या बाईचे नाव ना सातबाऱ्यावर, ना घराच्या उताऱ्यावर, तिने लेकीला ‘राहा’ म्हणावे ते कोणाच्या जागेत? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला खरा, पण राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार पुरुष वारसांच्या मर्जीवर ठेवला. अविवाहित, विधवा, टाकलेल्या अथवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या लेकीला तेथे नुसते राहता येत असे. हे कलम 2005 साली निघाले. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलार्जित मिळकतीत सहदायाद केले होते. तरीही दुय्यम निबंधकापुढे बहिणींची हक्कसोडपत्रे आजही बिनबोभाट होतात, आणि भावाने पुढच्या दिवाळीला न्यायला यावे म्हणून बहीण सही करते. आईचा नकार ज्या उंबऱ्यावर उभा असतो, तो उंबरा तिचा नसतोच.

प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ने 1991 मध्ये प्रेक्षकांना जो हादरा दिला, त्याचे कारण मला याच ठिकाणी सापडते. विवाहित पुरुषाशी संबंध ठेवून, समाजाच्या डोळ्याला डोळा भिडवून, तीन मुली वाढवणारी ती आई स्वतः मिळवती आहे. नवऱ्याचा विश्वासघात कळल्यावर थोरली विद्या जेथे येते, ते घर आईने स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले आहे, म्हणून तेथले दार उघडते. दार उघडले म्हणजे मायलेकींचे सगळे मिटले असे मुळीच होत नाही. आईने निवडलेल्या आयुष्याची किंमत आपल्याला मोजावी लागली, हे मुली तिला सुनावतात, आणि आईही उत्तर देते. दोन्ही बाजू बरोबरीने बोलतात असा दावा मराठीत इतक्या मोकळेपणाने प्रथमच ऐकू आला असे मला वाटते. 2022 साली हे नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या, विद्येच्या भूमिकेत मुक्ता बर्वे. तीस वर्षांनीही प्रेक्षागृहात तीच शांतता पसरत होती. आपल्या नागपूरच्या आशा बगे यांना 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्या कादंबरीसाठी मिळाला तिचे नाव ‘भूमी’, आणि तिच्या नायिकेचे नाव मैथिली. ही दोन नावे एका पुस्तकात एकत्र आली, याने मला भवभूतीकडे पुन्हा एकदा वळवले.

कारण माझे स्वतःचेही एक प्रकरण त्या सातव्या अंकाशी बांधलेले आहे. लग्नानंतर चौथ्या वर्षी मी दोन लेकरांसह माहेरी आले होते, परत न जाण्याच्या निश्चयाने. आईने आठ दिवस मला पोटभर जेवू घातले, केसांना तेल लावले, आणि नवव्या दिवशी चुन्नीच्या धानाचे तांदूळ पिशवीत भरत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पोरं मोठी होऊ दे, मंग पाहू.” मी गेले. नंतरचे दिवस पुष्कळ बरे गेले, नोकरी लागली, घर झाले. परंतु ते वाक्य माझ्या मनात फिर्यादीसारखे पडून राहिले, आणि पुढे कधीतरी ‘उत्तररामचरिता’चा अनुवाद वाचताना पृथ्वीच्या तोंडी तेच ऐकून मी पुस्तक मिटवून ठेवले.

गेल्या मंडईला मी माहेरी होते. आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे. डोळ्यांना कमी दिसते, तरी सूप मांडीवर घेऊन तांदळातले खडे ती बोटांनीच शोधते. दुपारी पडवीत बसून मी तिला तो अंक माझ्या शब्दांत सांगितला: गंगेचा तीर, दोन बाळे, जावयावरचा पृथ्वीचा राग, आणि सीतेचे ते मागणे. ती ऐकत होती की नाही, मला कळेना. मी पृथ्वीचे उत्तर सांगण्याआधी क्षणभर थांबले, तेव्हा सुपातला हात थांबला.

“मंग मायनं घेतलं का तिले पोटात?” तिने विचारले.

या नाटकात नाही घेतले, मी म्हटले. दुसऱ्या पोथीत घेतले आहे.

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला, आणि म्हणाली, “तिची जागा होती, बाई. तिले घेता आलं असतं.”