अजिंठा लेणी : दर्शन व जतन

महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली ही तीस बौद्ध लेणी १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. शिल्पांच्या तुलनेने येथील भित्तिचित्रे फार नाजूक असून ती पाहण्यास होणारी गर्दीच त्यांना अपायकारक ठरते. पाहणे आणि राखणे यांतील हा विरोध अजिंठ्याइतका तीव्रपणे भारतात क्वचितच जाणवतो.

याचे मूळ चित्रणपद्धतीत आहे. खडकावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, पृष्ठभाग वाळल्यानंतर रंग भरलेले आहेत. ओल्या चुन्यात रंग मुरविण्याची युरोपीय पद्धत येथे नाही; त्यामुळे रंगद्रव्याची पकड कमी असते. माणसांच्या श्वासाने व घामाने कोंदट गुहेतील दमटपणा वाढतो, गिलावा फुगतो व सुटतो. त्यातील सेंद्रिय द्रव्यांवर कीटकही जगतात.

पाहुण्यांनी केलेल्या हानीचा इतिहास शोधाइतकाच जुना आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर आपले नाव कोरले. त्या वेळी लेण्यात राडारोड्याचे ढीग होते. ते काढल्यामुळे ती अक्षरे आता डोक्याहून बरीच वर दिसतात. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्स यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये आगीतच नष्ट झाल्या. प्रत स्पष्ट उतरावी म्हणून मूळ चित्रांना लावलेले व्हार्निश मात्र मागे राहिले. १९२०–२२ मध्ये निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पक्का केला; पण त्यांच्या लाखेचा थरही पुढे पिवळा पडला. सद्‌हेतूने केलेली ही हानी निष्काळजीपणाच्या हानीहून कमी नाही.

आज सोमवारी लेणी बंद असतात. चित्रांवर फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीक संख्येनेच प्रवेश मिळतो. खाजगी वाहने सु. ४ किमी. अलीकडे, फर्दापूर फाट्याजवळ थांबतात. तेथील अभ्यागत केंद्रात लेणी क्र. १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यान्वये, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; दोन्ही शिक्षाही होऊ शकतात.

लेण्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमाने दिलेले आहेत, काळाच्या नव्हे. क्र. १ पासून प्रारंभ करणारा पर्यटक पाचव्या शतकातून एकदम इ. स. पू. पहिल्या-दुसऱ्या शतकांत येऊन गोंधळतो. प्रथम दहावे व नववे ही चैत्यगृहे पाहावीत. मग वाकाटककालीन १६, १७, १९ व २६ ही लेणी, आणि परतताना १ व २. आत शिरताच चित्रे दिसत नाहीत. डोळे मंद प्रकाशाला सरावेपर्यंत काही मिनिटे स्वस्थ उभे राहावे. घाईत असलेला प्रवासी नेमके हेच टाळतो, आणि पद्मपाणीऐवजी काळसर भिंत पाहून परततो.