रोजचं विज्ञान : चाक तेवढंच, मग बसत का नाही?

हसनाबादच्या बाजारात पिकअप पंक्चर झाली. शेजारच्या गाडीची स्टेपनी तेवढ्याच इंचांची, पण बोल्ट काही भोकांत शिरेनात. असं का?

सगळ्या बोल्टांच्या मध्यातून एक वर्तुळ काढा. दोन्ही गाड्यांचं हे वर्तुळ वेगळं. महिंद्राने मुंबईत जोडलेल्या विलीज जीपला पाच बोल्ट आणि वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं, म्हणजे साडेपाच इंच. अनेक मोटारींचं ११४.३, म्हणजे साडेचार.

मग भोकं कोरून मोठी करावीत? मुळीच नको. बोल्ट म्हणजे नुसती खुंटी नव्हे. नट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि रबरासारखा चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. त्या दाबाचं घर्षणच भार पेलतं. भोक सैल झालं की नटाचा निमुळता बुंधा नीट बसत नाही आणि पकड सुटते.

मार्ग दोन : हब बदलणं किंवा मध्ये ॲडॉप्टरची जाड चकती घालणं. चकतीने चाक बाहेर सरकतं. भरली बादली हात लांब करून धरल्यावर खांद्याला जे होतं, तेच बेअरिंगला होतं. मालवाहू पिकअपला म्हणून हबच बरा.