सिंगलटन रचना

सिंगलटन रचना : वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनात एखाद्या वर्गाची एकच वस्तू निर्माण होईल व ती आज्ञावलीच्या सर्व भागांना एका ठरावीक मार्गाने उपलब्ध राहील, अशी तजवीज करणारी रचना. वर्ग म्हणजे क्लास हा साचा असून त्यापासून तयार होणारी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट होय. सामान्यतः एका साच्यापासून हव्या तितक्या वस्तू घडविता येतात. सिंगलटन रचनेत या स्वातंत्र्यावर जाणूनबुजून बंधन घातलेले असते. गणितात एकच घटक असलेल्या संचास सिंगलटन म्हणतात. त्यावरून हे नाव पडले आहे.

अशा बंधनाची गरज एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या रुग्णालयात अनेक खिडक्यांवर नोंदणी चालू असून प्रत्येक रुग्णास क्रमांक देण्याचे काम आज्ञावलीतील एक ‘क्रमांकदाता’ वस्तू करते, असे समजू. चुकून अशा दोन वस्तू निर्माण झाल्या, तर प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे मोजणी करील, दोन रुग्णांना एकच क्रमांक मिळेल आणि एकाचा तपासणी अहवाल दुसऱ्याच्या कागदपत्रांत जाईल. आज्ञावली मात्र न थांबता चालूच राहील. नोंदवही लिहिणारी वस्तू, मांडणीविषयक मूल्ये सांभाळणारी वस्तू इत्यादींच्या बाबतीतही असाच प्रश्न उद्‌भवतो.

इतिहास : वर्ग आणि वस्तू या कल्पना नॉर्वेतील ओले-युहान डाल व क्रिस्टन न्यूगॉर्ड यांच्या सिम्यूला ६७ या भाषेत प्रथम स्पष्टपणे आल्या. स्मॉलटॉक भाषेत ‘निल’ ही तिच्या वर्गाची एकमेव वस्तू असते. म्हणजे नाव मिळण्यापूर्वीच ही कल्पना व्यवहारात होती. वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांनी इमारतींच्या संदर्भात मांडलेली रचनाबंधांची कल्पना पुढे संगणकक्षेत्रात स्वीकारली गेली. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्हिलिसाइड्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथात २३ रचनाबंधांचे वर्णन असून त्यांत सिंगलटनचा समावेश आहे. समजण्यास सोपा असल्यामुळे तो फार लवकर रूढ झाला.

मूळ घटक : या रचनेत बहुधा तीन गोष्टी असतात. वस्तू घडविणारे कार्य, म्हणजे कन्स्ट्रक्टर, खाजगी ठेवतात. त्यामुळे बाहेरून नवी वस्तू निर्माण करता येत नाही. एकमेव वस्तूचा पत्ता वर्गाच्या स्वतःच्या चलात साठवितात. ही वस्तू मागणाऱ्याच्या हाती देण्यासाठी वर्गावर एक सार्वजनिक कार्य ठेवतात. वस्तू नेमकी केव्हा व कोणी घडवावयाची, या प्रश्नाच्या उत्तरानुसार निरनिराळ्या पद्धती निर्माण झाल्या आहेत.

पद्धती : सर्वांत सरळ पद्धतीत वर्ग सिद्ध होतानाच वस्तू घडवितात. जावा भाषेत वर्ग प्रथम वापरला जाईपर्यंत सिद्ध होत नाही आणि ही क्रिया एकदाच होईल याची हमी भाषाच देते. त्यामुळे तेथे ही पद्धत बहुतेक कामांस पुरते. सी प्लस प्लसमध्ये मात्र निरनिराळ्या फाइलींतील व्यापक वस्तू कोणत्या क्रमाने सिद्ध होतील हे निश्चित नसते. त्यामुळे एक वस्तू अद्याप न घडलेल्या दुसऱ्या वस्तूचा वापर करू पाहील, असा धोका असतो.

दुसऱ्या पद्धतीत पहिली मागणी येईपर्यंत निर्मिती लांबणीवर टाकतात. चल रिकामा असल्यास वस्तू घडवावयाची, नसल्यास असलेली द्यावयाची, एवढाच नियम असतो. परंतु एकाच आज्ञावलीत अनेक कार्यप्रवाह, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी चालू असल्यास दोन प्रवाहांना चल एकदमच रिकामा दिसू शकतो व दोन वस्तू निर्माण होतात. प्रत्येक मागणीच्या वेळी कुलूप लावून एका वेळी एकाच प्रवाहास प्रवेश दिल्यास हा दोष जातो. पण वस्तू एकदा तयार झाल्यावरही कुलपाचा खर्च चालूच राहतो.

हा खर्च टाळण्यासाठी ‘दुहेरी तपासणी’ची युक्ती पुढे आली. तीत प्रथम कुलपाशिवाय चल तपासतात, तो रिकामा आढळल्यासच कुलूप लावतात आणि आत पुन्हा एकदा तपासतात. वरवर निर्दोष दिसणारी ही युक्ती सदोष ठरली. वस्तूच्या निर्मितीत स्मृतीतील जागा मिळविणे, तेथे प्रारंभिक मूल्ये भरणे आणि त्या जागेचा पत्ता चलात ठेवणे, असे तीन टप्पे असतात. वेग वाढविण्यासाठी कंपायलर किंवा प्रक्रियक शेवटच्या दोन टप्प्यांचा क्रम बदलू शकतो. तसे झाल्यास दुसऱ्या प्रवाहास चल भरलेला दिसतो, पण प्रत्यक्षात त्याच्या हाती अर्धवट घडलेली वस्तू पडते. असा दोष क्वचितच प्रकट होत असल्याने चाचण्यांत सापडणे कठीण असते. २००० सालच्या सुमारास जावाच्या अनेक तज्ञांनी संयुक्त निवेदन काढून ही युक्ती विश्वसनीय नसल्याचे जाहीर केले. २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत स्मृतिविषयक नियम सुधारण्यात आले. तेव्हापासून संबंधित चल ‘व्होलाटाइल’ म्हणून घोषित केल्यास ती युक्ती बरोबर चालते.

तथापि त्याहून सोपे मार्ग उपलब्ध आहेत. जावामध्ये एका आतल्या साहाय्यक वर्गात वस्तू ठेवल्यास तो वर्ग मागणीच्या वेळीच सिद्ध होतो. त्यामुळे वेगळ्या कुलपाशिवाय विलंबित निर्मिती साधते. सी प्लस प्लसमध्ये कार्याच्या आत ‘स्टॅटिक’ चल ठेवण्याची पद्धत स्कॉट मायर्स यांच्या नावाने ओळखली जाते. असा चल अनेक प्रवाहांतही एकदाच सिद्ध होईल, अशी हमी त्या भाषेच्या २०११ च्या प्रमाणात देण्यात आली.

एकमेवत्वास इतर मार्गांनीही बाधा येते. वस्तू फाइलीत साठवून पुन्हा वाचल्यास तिची दुसरी प्रत निर्माण होऊ शकते. जावातील रिफ्लेक्शन या सोयीने खाजगी कन्स्ट्रक्टरही चालविता येतो. या दोन्ही कारणांस्तव जॉशुआ ब्लॉक यांनी इफेक्टिव्ह जावा या ग्रंथाच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीत एकाच मूल्याचा ‘एनम’ वापरण्याची शिफारस केली. मात्र एनमला दुसऱ्या वर्गाचा वारसा घेता येत नाही. स्काला व कोटलिन या भाषांत एकमेव वस्तू घोषित करण्याची सोय भाषेतच आहे. पायथनमध्ये मोड्यूल एकदाच भरले जात असल्याने पुष्कळदा साधे मोड्यूलच हे काम करते.

निर्मितीप्रमाणे विनाशाचाही विचार करावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये आज्ञावली संपताना अशा वस्तू सामान्यतः निर्मितीच्या उलट क्रमाने नष्ट होतात. नोंदवही आधी नष्ट झाली आणि दुसऱ्या वस्तूने आपल्या अखेरीची नोंद करण्यासाठी तिला हाक दिली, तर आज्ञावली अस्तित्वात नसलेल्या वस्तूचा वापर करते.

आक्षेप व निवड : सिंगलटन रचनेत दोन वेगळी आश्वासने एकत्र बांधलेली आहेत : वस्तू एकच असणे आणि ती सर्वत्र हाती लागणे. पहिल्याची गरज अनेकदा खरी असते. दुसरे बहुधा सोयीखातर घेतले जाते व त्यातूनच बहुतेक आक्षेप उद्‌भवतात. कोणताही भाग ती वस्तू परस्पर वापरू शकत असल्याने भागांमधील अवलंबन वरून दिसत नाही, चाचणीसाठी तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवणे अवघड होते आणि एका चाचणीत बदललेली स्थिती पुढील चाचणीत शिल्लक राहते. गामा यांनीही २००९ मध्ये एका मुलाखतीत हा रचनाबंध आपल्या यादीतून वगळण्याकडे कल दर्शविला.

यावर उपाय म्हणून आज्ञावलीच्या प्रारंभी वस्तू एकदाच घडवून ज्या भागांना ती हवी त्यांना बाहेरून पुरवितात. या पद्धतीस मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ या नावाने विशद केले. तीत वस्तू एकच राहते, पण तसे बंधन वर्गावर नसते. ज्या प्रसंगी बंधन वर्गातच हवे, तेथे भाषेने हमी दिलेला सर्वांत साधा मार्ग घ्यावा. निर्मिती खर्चिक असेल तरच ती लांबणीवर टाकावी आणि स्वतः रचलेली कुलपांची युक्ती टाळावी.

तथापि ‘एकच’ या शब्दाची मर्यादा आधी ठरवावी लागते. सिंगलटन वस्तू फार तर एका चालू आज्ञावलीपुरती एकमेव असते. जावात निरनिराळ्या क्लासलोडरांनी तोच वर्ग भरल्यास एका आज्ञावलीतही तिच्या अनेक प्रती होतात. वरील रुग्णालयात प्रत्येक खिडकीवर वेगळा संगणक असेल, तर प्रत्येकावर स्वतंत्र ‘एकमेव’ क्रमांकदाता तयार होईल आणि रुग्णांना दुबार क्रमांक मिळण्याचा धोका कायम राहील. तेथे क्रमांकाचे एकमेवत्व सर्व संगणकांना समाईक असलेल्या विदागारातच राखले पाहिजे. वर्गाची कोणतीही रचना ते काम करू शकत नाही.