पायडलाने चालणारा खेळ आणि आजारी मूल

पायाने यंत्र चालवण्याची गोष्ट उमरेडकरांना नव्याने सांगावी लागत नाही. रेशीमकाठी कापडासाठी हे गाव एके काळी नावाजलेले होते. ज्यांच्या घरी खड्डामाग होता त्यांना ठाऊक आहे की विणकराचे निम्मे कसब पायांत असते. पावडी दाबली की ताण्याचे काही सूत वर उचलले जाते, काही खाली राहते, आणि मधल्या वाटेने धोटा पलीकडे जातो. पाय सांगतो आणि माग ऐकतो. आज आम्ही ज्या उपकरणाविषयी बोलणार आहोत ते या पावडीचेच दूरचे भावंड आहे. फरक इतकाच की येथे पाय सांगतो आणि पडद्यावरचे चित्र ऐकते.

व्हिडिओ गेम म्हटला की पालकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती काही अगदीच अकारण पडत नाही. मूल एका जागी बसते, दोन अंगठे तेवढे हलतात. पण खेळाला हुकूम देणारे साधन अंगठ्याखालीच असले पाहिजे, असा काही नियम नाही. 1982 साली अमेरिकेत अटारी कंपनीने व्यायामाच्या सायकलीला खेळ जोडण्याचा घाट घातला होता, मात्र ती सायकल बाजारात आलीच नाही. 1986 साली जपानात पायाखाली अंथरायची चटई निघाली, 1998 साली त्याच देशात नाचाच्या तालावर पाय टाकण्याचा खेळ आला, आणि 2006 नंतर हात हवेत फिरवून खेळण्याची यंत्रे घरोघरी पोचली. ही सारी साधने धडधाकट माणसासाठी होती. जो अधिक पळेल त्याला अधिक गुण, हाच त्यांचा हिशेब.

आता प्रश्न असा की, ज्या मुलाने अधिक पळणेच धोक्याचे आहे त्याने काय करावे?

हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी नाही. सिकलसेलचा आजार विदर्भात घरोघरी ऐकून माहीत आहे. 1952 साली निलगिरीच्या डोंगरात तो भारतात प्रथम ओळखला गेला, आणि 1958 साली नागपूर भागातील पाहणी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू सोडल्यावर वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मरणाच्या वेदना उठवतात. रक्त आधीच कमी, म्हणून थोड्या श्रमाने छाती धडधडते. शिवाय मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणे जमत नाही. त्यामुळे हे मूल इतरांपेक्षा लवकर सुकते, आणि अंग सुकले की वेदनेला आमंत्रणच मिळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

म्हणून घरचे, शाळेचे, कधी कधी डॉक्टरही सोपा सल्ला देतात: खेळू नको. सोबतची पोरे पटांगणावर लंगडी-कबड्डी खेळतात आणि हे छपरीत बसून पाहते. आम्हाला हा सल्ला पुरेसा वाटत नाही. 2018 साली फ्रान्समधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत या आजाराच्या प्रौढ रुग्णांना आठ आठवडे बेताचा, देखरेखीखालचा व्यायाम दिला होता आणि तो त्यांना मानवला. प्रौढांचा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण पूर्ण विश्रांती हेच औषध, ही समजूत आता टिकत नाही. बेत कोण राखणार, एवढाच प्रश्न उरतो. दहा वर्षांचे मूल खेळाच्या भरात बेत राखीत नाही. ते काम खेळानेच करावे, असे आमचे म्हणणे आहे.

कल्पना करा की पडद्यावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे आणि तो मुलाच्या पायडलावर चालतो. पायडल मंद असेल तर नंदी रेंगाळतो. ठरल्या गतीत असेल तर झुलत, घुंगरू वाजवीत चालतो. पण मुलाने जोर लावून पाय मारले तर? धडधाकटांच्या खेळात नंदी उधळला असता. येथे तो उधळत नाही, धापा टाकू लागतो आणि मागे पडतो. म्हणजे गतीला जशी खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे, आणि जिंकायचे ते दोहोंच्या मध्ये राहून. ठरावीक मिनिटांनी वाटेत पाणवठा येतो. तेथे पाणी पिऊन, थोडे विसावून बटन दाबल्याखेरीज नंदी हलत नाही. ही सक्ती खेळणाऱ्या प्रत्येकाला असावी, आजारी मुलालाच नव्हे. सगळ्यांचेच नंदी पाण्यावर थांबले तर कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मिनिटे किती, गती किती, हे त्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. 220 मधून वय वजा करण्याचे प्रचलित गणित येथे भरवशाचे नाही, कारण रक्त कमी असलेल्या मुलाचे हृदय बसल्या जागीच वेगाने चालत असते. घरगुती खूण मात्र चांगली आहे: पाय मारता मारता मुलाला एक वाक्य सलग बोलता आले पाहिजे. ताप किंवा हातपाय दुखणे असेल त्या दिवशी खेळ बंद. छातीत दुखले वा श्वास अडला तर लगेच दवाखाना. आणि हो, घामेजल्या अंगावर कूलरचा गार झोत घेऊ देऊ नये. एकाएकी लागणारी थंडीही या आजाराला चालत नाही.

आता यंत्राकडे वळू. पुष्कळांना वाटते की पायडलातून वीज निर्माण करून खेळ चालवायचा. तसे नाही. आपल्याला वीज नको, निरोप हवा. पायडलाच्या दांड्यावर एक लोहचुंबक बसवतात आणि चौकटीला एक लहान स्विच. चुंबक जवळून गेला की स्विच मिटतो आणि एक टिचकी छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीकडे जाते. ती पाटी संगणकाला कळफलकाची कळ दाबल्याचे भासवते. दोन टिचक्यांमधला वेळ मोजला की गती कळली. यात मेख अशी आहे की, मूल मिनिटाला 40 फेरे मारीत असेल तर एका चुंबकाची टिचकी दीड सेकंदाने येते. तेवढ्या वेळात मूल थांबले तरी नंदी चालतच राहतो, आणि मुलाला वाटते की हा आपले ऐकत नाही. त्याच चाकावर समान अंतराने सहा चुंबक बसवले की निरोप पाव सेकंदाला येतो. खेळ आवडेल की नाही, हे बहुधा या पाव सेकंदावर ठरते.

या कामाचा आम्हाला माहीत असलेला उत्तम नमुना कॅनडातला. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञांनी आणि टोरांटोच्या बालपुनर्वसन रुग्णालयातील वैद्यांनी मिळून ‘लिबेरी’ नावाचा खेळ घडवला. तो सेरेब्रल पाल्सी असलेल्या, कुबडीच्या किंवा वॉकरच्या आधाराने चालणाऱ्या मुलांसाठी होता. मुलांना त्यांनी केवळ परीक्षेला बसवले नाही, आराखड्यापासून बरोबर घेतले. अशा मुलांना संथ, सोपे खेळ द्यावेत असे जाणकार मानीत. मुलांनी मागितले ते धावपळीचे, झटापटीचे खेळ! मग रचनाकारांनी धावपळ ठेवली, पण नेमक्या क्षणी नेमके बटन दाबण्याची आणि एकाच वेळी दोन कामे करण्याची गरज कमी केली. मुले आपापल्या घरून, जाळ्यावरून, एकमेकांशी बोलत खेळत.

दम्याचा प्रकार निराळा. त्यात आधी हळूहळू अंग तापवावे लागते, आणि घरघर पुष्कळदा खेळ थांबल्यानंतरच जाणवते, म्हणून शेवटची मिनिटेही उतरत्या गतीची हवीत. इन्सुलिनवरच्या मुलाची साखर खेळताना तर उतरतेच, पण कधी रात्री झोपेतही उतरते, याची जाणीव आईबापांना हवी.

एक तक्रार ठरलेली आहे. थोरला भाऊ सहज 60 फेरे मारतो, धाकट्याला 40 झेपतात. दोघांचे नंदी बरोबरीने चालले की थोरला म्हणणार, ही लबाडी आहे. त्याला हिशेब दाखवावा: 60 भागिले 60 एक, 40 भागिले 40 हीही एकच. ज्याचा त्याचा बेत हाच ज्याचा त्याचा भाजक. थोरल्याने आळस केला तर तोही मागे पडेलच.

उपकरण करायला घेणाऱ्यांनी सायकल दुरुस्तीवाल्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. साखळीला झाकण, पायाला पट्टा, सायकल उलटू नये म्हणून रुंद बैठक, ही कामे त्याला आपल्यापेक्षा चांगली कळतात. आणि चुंबक चिकटवण्यापूर्वी मुलाला आसनावर बसवून पाहावे. पायडल सर्वांत दूर असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आसन कोठे ठोकायचे ते त्यावरून ठरते.