मळणीयंत्र आणि मजुराचे कान



चैत्रात आपल्या ग्वाल्हेर भागात गव्हाची मळणी जोरात असते. यंत्रात हात सापडू नये म्हणून आपण जपतो. पण त्याच यंत्रापायी कान जातात, याकडे लक्ष जात नाही. कारण ही जखम दिसत नाही व दुखतही नाही.

हा रोग जुना आहे. भांडी ठोकणारे व्हेनिसचे तांबट बहिरे होतात, असे इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी 1713 साली लिहिले. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बाया मागांच्या खडखडाटात ओठ पाहून बोलत. आपल्या बिर्लानगरातील, 1921 साली निघालेली जियाजीराव कॉटन मिल बंद पडली. पण यंत्रांचा गोंगाट ट्रॅक्टर, डिझेल इंजिन व मळणीयंत्राबरोबर शेतात आला आहे.

आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात व पुन्हा उत्पन्न होत नाहीत. यावर औषध नाही. आधी बारीक आवाज जातात: पाखरांची किलबिल, लहान मुलांचे बोलणे. कान गुणगुणू लागणे ही धोक्याची खूण होय.

85 डेसिबल आवाजात दिवसाचे 8 तास, ही मर्यादा समजावी. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 91 ला 2, तर 100 ला केवळ 15 मिनिटे. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचा आवाज पुष्कळदा 90 च्या वर जातो. मोजण्याचे यंत्र नसले तरी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की आवाज घातक आहे असे समजा.

उपाय असे:

1. फुटलेला सायलेन्सर बदला. सैल नटबोल्ट आवळा.
2. पेंढ्या टाकणारा माणूस तासातासाने बदला.
3. फोमचे इअरप्लग आणा. स्वच्छ हातांनी वळून बारीक करा, कान वर व मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. साध्या कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही.
4. यंत्र थांबवण्याची हाताची खूण आधीच ठरवा.
5. कमी ऐकू येत असल्यास जयारोग्य रुग्णालयात कान तपासून घ्या.

कारखान्यावर सरकारी निरीक्षक असतो. खळ्यावर मात्र ती जबाबदारी मालकाचीच. प्रभू येशूने बहिऱ्याला गर्दीतून बाजूला नेऊन बरे केले, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात आहे. गेलेले कान परत देणे आपल्या हाती नाही. मजुराला वेळीच गोंगाटातून बाजूला घेणे आहे. मजुरी चुकती करणे हा जसा धर्म, तसाच त्याला धडक्या कानांनी घरी पाठवणे हाही.